एक चूल की दोन? : गिरणगावातील कुटुंब आणि आपल्या कुटुंबविषयक मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

पदवी स्तरावरील समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कुटुंबसंस्थेवरील प्रकरणाचा शेवट बहुधा ठरलेला असतो. औद्योगिकीकरण झाले, नागरीकरण वाढले, शिक्षणाचा प्रसार झाला आणि त्यामुळे संयुक्त कुटुंब मोडून विभक्त कुटुंब अस्तित्वात आले, असे विधान तेथे केलेले आढळते. विद्यार्थी ते पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि परीक्षकही त्याला पूर्ण गुण देतात. परळ, लालबाग, नायगाव या परिसरातून महाविद्यालयात येणारी मुलेमुलीही हेच विधान लिहितात. त्यांपैकी अनेकांचे आजोबा गिरणीत तीस-पस्तीस वर्षे काम करून गेलेले असतात आणि आजी मात्र त्या सर्व काळात रत्नागिरी वा सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावी शेत सांभाळत राहिलेली असते. हे कुटुंब संयुक्त होते की विभक्त, असा प्रश्न वर्गात विचारला तर विद्यार्थी गोंधळतात. हा गोंधळ विद्यार्थ्यांच्या आकलनाचा नसून आपण त्यांच्या हाती दिलेल्या संकल्पनांचा आहे.

प्रस्तुत लेखात या संकल्पनांची चिकित्सा गिरणगावाच्या संदर्भात करावयाची आहे. त्यासाठी कुटुंबविषयक समाजशास्त्रीय लेखन, गिरणी कामगारांच्या स्थलांतरावरील अभ्यास आणि जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक यांचा एकत्रित विचार केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : गिरणगावातील कुटुंब मोडले नाही, ते दोन ठिकाणी विभागून चालविले गेले, आणि ते तसे चालविण्याची किंमत मुख्यतः स्त्रियांनी मोजली. या दोन्ही गोष्टी आपल्या प्रचलित मांडणीत दिसत नाहीत.

१. व्याख्या आणि तिच्या मर्यादा

औद्योगिक समाजात पतिपत्नी व त्यांची अपत्ये यांचे लहान कुटुंब प्रबळ होत जाते, ही मांडणी विल्यम गुड यांच्या १९६३ सालच्या ग्रंथामुळे जगभर रूढ झाली. औद्योगिकीकरण हे या बदलाचे एकमेव व सरळ कारण आहे, असे मात्र गुड म्हणत नाहीत. त्यांची सावध मांडणी पाठ्यपुस्तकांपर्यंत येता येता एका सूत्रात आक्रसली.

भारतात या प्रश्नाची चर्चा अधिक सूक्ष्म झालेली आहे आणि तिच्याशी मुंबईचा निकटचा संबंध आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली कुटुंब व नातेव्यवस्था यांच्या अभ्यासाची परंपरा निर्माण झाली. डॉ. इरावती कर्वे याच परंपरेतल्या. त्यांच्या १९५३ सालच्या ग्रंथातील संयुक्त कुटुंबाच्या प्रसिद्ध व्याख्येत एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक पूजाअर्चा आणि परस्परांतील नाते ही लक्षणे येतात. डॉ. आय. पी. देसाई यांनी महुवा येथील अभ्यासाच्या आधारे (१९६४) या व्याख्येतील निवासाचे महत्त्व कमी केले. वेगळे राहणारे भाऊ मालमत्ता, उत्पन्न आणि परस्पर जबाबदाऱ्या यांनी बांधलेले असतील तर त्यांच्यातील संयुक्तपणा नाहीसा झाला असे म्हणता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. डॉ. ए. एम. शहा यांनी १९७३ साली ‘घर’ म्हणजे एकत्र राहणारा व जेवणारा गट आणि ‘कुटुंब’ म्हणजे नात्याचा व्यापक गट असा भेद स्पष्ट केला. गुजरातमधील एका गावाच्या १८२५ सालच्या नोंदींवरून पूर्वीही लहान घरे मोठ्या संख्येने होती, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणजे पाठ्यपुस्तकातील सूत्राला आपल्याच अभ्यासकांनी अर्धशतकापूर्वी छेद दिलेला आहे. तरीही सूत्र टिकून आहे. त्याचे एक कारण असे की, संयुक्त कुटुंबाच्या ऱ्हासाची हळहळ आपल्या सार्वजनिक बोलण्यात मुरलेली आहे आणि पाठ्यपुस्तक त्या हळहळीला शास्त्राचा आधार पुरविते.

२. दोन ठिकाणचे एक घर

मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे स्थापन केली. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, वरळी हा पट्टा गिरण्यांनी व्यापला. कामगार आले ते प्रामुख्याने कोकणातून आणि घाटावरून. त्यांत पुरुष अधिक होते. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईत दोन पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री होती. अशा शहरात पाठ्यपुस्तकातील विभक्त कुटुंब सार्वत्रिक असणे शक्यच नव्हते.

कामगार राहत तो गावकीचा गाळा. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष, भिंतीला लागून ट्रंका, दोरीवर कपडे आणि पाळीप्रमाणे झोपण्याची जागा; रातपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीच्या माणसाची वळकटी उचलली जाई. जेवण खाणावळीत. महिन्याला गावी मनीऑर्डर. गणपतीला, शिमग्याला किंवा पेरणी-कापणीला रजा काढून गावी जाणे. नव्याने आलेल्या पुतण्याला वा भाच्याला गाळ्यात जागा आणि ओळखीच्या जॉबरकडून बदलीचे काम. निवृत्तीनंतर गावी परतणे आणि आपली जागा मुलाला मिळवून देणे. कुंज पटेल यांनी १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईत येणाऱ्या श्रमिकांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो गाव आणि शहर यांमधील याच संबंधांवर आधारलेला आहे.

गावाशी असलेली ही बांधिलकी म्हणजे कामगाराच्या मनातील ग्रामीण ओढ, असा अर्थ पूर्वी लावला जाई. राजनारायण चंदावरकर यांनी तो नाकारला. गिरणीतील काम अनिश्चित होते, बदली कामगाराला रोज दारावर उभे राहावे लागे, आजारपण, बेकारी व म्हातारपण यांसाठी शहरात कोणतीही तरतूद नव्हती. अशा स्थितीत गावाकडचे घर हा कामगाराचा एकमेव विमा होता. म्हणून गाव सुटले नाही. उद्योगाने संयुक्त कुटुंब मोडले असे म्हणण्याऐवजी, उद्योग कमी मजुरीत चालू राहिला तो गावाकडच्या कुटुंबाच्या आधारावर, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. कामगाराच्या बालपणाचा, आजारपणाचा आणि वार्धक्याचा खर्च गिरणीने केला नाही. तो गावाकडच्या चुलीने केला.

येथे एक मर्यादा नोंदविणे अगत्याचे आहे. हा विमा सर्वांना सारखा उपलब्ध नव्हता. ज्यांच्याकडे गावी जमीन नव्हती अशा दलित कुटुंबांना परतीचा मार्ग तितका मोकळा नव्हता. शिवाय गिरणीतही अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नाकारला जाई. ‘गिरणगावचे कुटुंब’ असा एकवचनी उल्लेख करताना जातीमुळे पडणारा हा फरक विसरता येणार नाही.

नात्याची व्याख्याही या वस्तीत नेहमीच रक्ताशी बांधलेली नव्हती. कवी नारायण सुर्वे यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला ते तान्हे असताना बेवारस स्थितीत सापडले. गंगाराम व काशीबाई या दांपत्याने त्यांना वाढविले, नाव दिले, शाळेत घातले. आणि निवृत्तीनंतर हे दांपत्य कोकणात परतले, तेव्हा मुलगा मुंबईतच राहिला. या एका चरित्रात गिरणगावातील कुटुंबाच्या दोन्ही बाजू दिसतात : परक्या जीवाला आपले म्हणण्याइतका मोकळेपणा, आणि म्हातारपणी गावाखेरीज ठिकाण नसल्याने घर विभागणारी आर्थिक सक्ती.

३. हिशेबात न आलेले श्रम

डॉ. देसाई यांच्या मांडणीने गिरणगावचे कुटुंब समजण्याची वाट मोकळी होते, हे खरे. निवास वेगळा असला तरी उत्पन्न व जबाबदाऱ्या सामाईक होत्या. परंतु या मांडणीचा भर मालमत्ता, पैसा आणि नातलगांमधील बांधिलकी यांवर आहे. ही बांधिलकी दररोज प्रत्यक्षात कोण निभावते, हा प्रश्न तीत मागे राहतो. मनीऑर्डरची नोंद होते. ती आल्यावर आणि विशेषतः ती न आल्यावर घर चालविणाऱ्या बाईच्या कामाची नोंद होत नाही.

हेमलता दांडेकर यांचा सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावाचा अभ्यास (१९८६) या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘पुरुष मुंबईला, बायका घरी’ या आशयाचे त्याचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. १९४२ ते १९८२ या चाळीस वर्षांचा पट त्यात येतो. पुरुष मुंबईला गेल्यावर शेती, गुरे, म्हातारी माणसे व मुले यांचा भार स्त्रियांवर पडला. त्या प्रमाणात निर्णयाचा अधिकार त्यांच्याकडे आला असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. कुटुंबप्रमुख कागदोपत्री मुंबईतच राहिला.

शहरातील बाजूही पाहिली पाहिजे. गाळ्यात राहणाऱ्या हजारो पुरुषांना दोन वेळचे जेवण खाणावळवाल्या बायका देत. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, नवऱ्याच्या पगारात भागत नसलेल्याही होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःच्या संसाराबरोबर पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक आणि तोही पाळ्यांच्या वेळा सांभाळून त्या करीत. माणसे महिन्याने पैसे देत. वाणी मात्र उधारीवर व्याज लावी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा प्रथमच त्यांचे काम ‘व्यवसाय’ म्हणून नोंदले गेले. तोवर ते घरकामच समजले जात होते. एकट्या पुरुषाचे घर ज्या दुसऱ्या चुलीवर उभे होते, ती चूल कुटुंबाच्या अभ्यासात आली नाही आणि उद्योगाच्या अभ्यासातही आली नाही.

गिरणीतील स्त्रियांची कहाणीही याच्याशी जोडलेली आहे. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्या मुख्यतः वाइंडिंग व रीलिंग खात्यांत काम करीत. रातपाळीवरील बंदी, १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा यांसारख्या संरक्षक तरतुदी आणि पुढे आलेली यंत्रांची नवी रचना यांच्या एकत्रित परिणामाने मालकांनी स्त्रियांना कमी करणे सोयीचे मानले. ‘पुरुष मिळवतो, बाई घर सांभाळते’ हे कुटुंबाचे रूप गिरणगावात परंपरेने आले नव्हते. ते विसाव्या शतकात घडविले गेले. त्यालाच आज आपण ‘पारंपरिक कुटुंब’ म्हणतो.

४. गिरगाव-दादरची स्मृती

चाळीतील कुटुंबाची जी प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात आहे, ती प्रामुख्याने गिरगाव-दादरच्या पांढरपेशा चाळींवरून आलेली आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाने ती घराघरांत पोहोचविली. कारकून, शिक्षक यांना नियमित पगार होता, मुलांच्या शाळा जवळ होत्या. त्यामुळे बायकामुलांना मुंबईत आणणे त्यांना शक्य झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्यांचे बिऱ्हाड स्थिर केले. गावाकडचे शिकणारे पुतणे-भाचे दोन-तीन वर्षे याच खोलीत राहत आणि शेजाऱ्यांची दारे दिवसभर उघडी असत.

या प्रतिमेत खोटे काही नाही. मात्र ती अपुरी आहे. उघड्या दाराचे कौतुक करणारे लेखन त्याच खोलीत नवविवाहित जोडप्याला एकांत नव्हता, सुनेला दुपारी पाठ टेकायला जागा नव्हती, याकडे विनोदाने पाहते किंवा पाहतच नाही. स्मरणरंजनाचे लेखन बहुधा त्या घरात जेवलेल्यांनी केले आहे, रांधणाऱ्यांनी क्वचितच. पुढे ही कुटुंबे पार्ले, बोरिवली, डोंबिवली येथे गेली, त्यामागे केवळ जागेची टंचाई नव्हती. घरातल्या बाईला स्वतःचे स्वयंपाकघर हवे होते, हेही कारण होते. ‘विभक्त कुटुंबाने आपलेपणा गेला’ असे म्हणताना हा गेलेला आपलेपणा कोणाच्या श्रमांवर चालत होता, हे विचारणे आवश्यक ठरते.

५. संप आणि ‘अधांतर’

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्याचा अभ्यास बहुधा कामगार चळवळ, मालकांची धोरणे किंवा जमिनीचे राजकारण या अंगांनी झाला. कुटुंबाच्या अंगाने पाहिल्यास एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : संप इतका दीर्घकाळ टिकला तो गावाकडच्या दुसऱ्या चुलीमुळे. हजारो कामगार गावी गेले, शेतीवर राबले, गावाकडून धान्य आले. जो आधार मालकांना कमी मजुरी देण्यास उपयोगी पडला होता, तोच या वेळी कामगारांच्या उपयोगी पडला. मात्र तुटपुंज्या शेतीवर ही अधिकची तोंडे वर्षानुवर्षे पोसली जाणे शक्य नव्हते.

जे शहरातच राहिले, त्यांच्या घरात काय घडले हे जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातून जितके कळते तितके अहवालांतून कळत नाही. नाटकाचे स्थळ एक खोली आहे. धुरी कुटुंबातील आई, तिचे मुलगे आणि मुलगी यांच्यातून संपाचा परिणाम उलगडत जातो. गिरणीचे दार रंगमंचावर दिसत नाही, तरी खोलीतील प्रत्येक भांडण त्या बंद दाराशी जाऊन भिडते. एका मुलाची लेखक होण्याची धडपड आणि दुसऱ्याचे गुंडगिरीकडे वळणे या दोन टोकांमध्ये आई घर एकत्र ठेवू पाहते. या नाटकाचे समाजशास्त्रीय मोल असे की, ते कुटुंबाला आसरा म्हणून रंगवीत नाही. बाहेरचा अन्याय घरात शिरला की तो नात्यांचाच आकार घेतो. बेकारी भावाभावांतील वैर बनते आणि उपासमार आईच्या बोलण्यातील कडवटपणा बनते, हे ते दाखविते.

नाटकाची मर्यादाही त्याच्या बलस्थानातूनच येते. सर्व लक्ष एका खोलीवर एकवटल्यामुळे गावाकडची चूल रंगमंचावर येऊ शकत नाही. ही उणीव मीना मेनन व नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासाने (२००४) काही अंशी भरून निघते. कामगारांच्या, कार्यकर्त्यांच्या व स्त्रियांच्या शंभर आवाजांतून गाव, गाळा, युनियन, मंडळ, भजन आणि घर हे सलग अनुभवविश्व म्हणून समोर येते. नाटक आणि मौखिक इतिहास एकत्र वाचल्यास संपानंतर घराचा कणा बदलल्याचे दिसते. घरकाम, पोळीभाजी, शिवण, पापड, भाजीची पाटी अशा कामांतून स्त्रिया मिळवू लागल्या. ‘मिळवता पुरुष’ हे विसाव्या शतकात घडविलेले रूप एका दशकात कोसळले. पण कमाई बाईची झाली म्हणून घरातील सत्ताही तिची झाली, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. अनेक घरांत तिच्यावर कमाई आली आणि चूलही राहिली.

६. नवे घर, नवे वारस

गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली, २००१ मधील तिची दुरुस्ती आणि २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय या टप्प्यांतून गेला. कामगारांना वा त्यांच्या वारसांना घर देण्याची योजना आली आणि २०१२ मध्ये त्यासाठीची सोडत निघाली. येथे कुटुंबाची व्याख्या प्रथमच अर्जाच्या रकान्यात उतरली. गाळ्यात राहिलेला पुतण्या, खाणावळ चालविणारी बाई, गावी शेत सांभाळणारी बायको आणि संपात शाळा सोडून कामाला लागलेली मुलगी या सर्वांनी मिळून जे घर चालविले होते, त्यांतून अर्जावर एकच नाव येऊ शकत होते. पुतण्या आणि खाणावळवाली त्या हिशेबात नव्हतीच. ज्या बाईने चाळीस वर्षे दुसरी चूल पेटती ठेवली, तिला मुंबईतील घरावर हक्क सांगता आला तो नवरा वारल्यावर, वारस म्हणून. कायद्याला एक नाव लागते, हे समजण्यासारखे आहे. परंतु समाजशास्त्राने त्या एका नावालाच कुटुंब समजण्याचे कारण नाही.

बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासातही हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. वरळी येथील पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या कुटुंबांना स्वतंत्र स्नानगृह व बंद होणारे दार मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. ‘चाळ संस्कृती संपली’ असा विलाप करणाऱ्यांनी आधी त्या घरातील स्त्रियांना विचारावे. त्याच वेळी सज्जातून चालणारी शेजाऱ्याच्या मुलाची, म्हाताऱ्याची देखभाल बंद दाराआड कोण करणार आणि घराची किंमत वाढल्यावर भावंडांमध्ये काय घडणार, हे अभ्यासाचे विषय आहेत.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष पुढे येतात. पहिला, ‘संयुक्त कुटुंबाकडून विभक्त कुटुंबाकडे’ हे सूत्र गिरणगावच्या इतिहासाला लागू पडत नाही. येथे कुटुंब दोन ठिकाणी विभागून एक राहिले आणि त्याच्या बळावर उद्योग चालला. दुसरा, ज्याला आपण पारंपरिक कुटुंब म्हणतो त्याचा बराचसा भाग याच उद्योगाने घडविला व पुढे त्यानेच मोडला. तिसरा, निवास वा मालमत्ता यांपैकी कोणत्याही एका निकषाने हे कुटुंब दिसत नाही. कोण पैसे पाठविते, कोण रांधते, आजाऱ्याजवळ कोण बसते आणि निर्णय कोण घेते, हे चार प्रश्न एकत्र विचारले तरच ते दिसते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधा उपक्रम सुचतो. कुटुंबावरील प्रकरण शिकविण्यापूर्वी विद्यार्थ्यांना आपल्या घराच्या तीन पिढ्यांचा तक्ता करावयास सांगावा : कोण कोठे राहिले, कोणत्या चुलीवर जेवले, त्या चुलीपुढे कोण होते. मुंबईसारख्या शहरातील कोणत्याही वर्गात हा तक्ता पाठ्यपुस्तकातील व्याख्येत बसणार नाही. तेव्हा विद्यार्थ्याने स्वतःचे घर चुकीचे ठरवावे की व्याख्या तपासून पाहावी, हे बऱ्याच अंशी आपण उत्तरपत्रिकेत कशाला गुण देतो यावर अवलंबून आहे.